निबंध साभार परत

बसा. मागच्या बाकावरची कुजबुज बंद. वही हातात आली की शेवटचं पान उघडा आणि लाल शाईतला शेरा वाचा. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नका. सगळ्यांना एकच शेरा दिलाय, कारण सगळ्यांनी एकच निबंध लिहिलाय. 'साभार परत.' मासिकांचे संपादक न स्वीकारलेलं लेखन असंच परत पाठवायचे. त्यातले आभार नेमके कशाबद्दल मानायचे, ते मात्र मी अजून शोधते आहे.

विषय होता 'डिजिटल युगात छापील मासिकांचे महत्त्व'. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. कलामसाहेबांच्या फोटोला हार घातलात, फळ्यावर रंगीत खडूंनी सुविचार लिहिलात, हातात पुस्तकं धरून फोटो काढलेत. त्यात एका महाभागानं पुस्तक उलटं धरलंय. नाव घेत नाही, तो आत्ता खाली बघतोय. मग आठवड्याभरानं निबंध आले. 'आजच्या धकाधकीच्या डिजिटल युगात वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे.' हे वाक्य निम्म्या वर्गाच्या वह्यांत आहे, तेही अगदी शब्दाला शब्द. त्यापुढे 'नव्या कोऱ्या पानांचा मंद सुगंध' आणि 'पाने उलटताना होणारी सळसळ'. कुठल्या अंकाचा सुगंध घेतलात रे? नाव सांगा त्याचं. छापील मासिकांवर दोन-दोन पानं लिहिलीत आणि एकाही वहीत एकाही मासिकाचं नाव नाही!

मोबाइलला म्हणालात, निबंध लिहून दे. त्यानं स्वतःचीच यथेच्छ निंदा करून दिली. त्याला काय, लाजच नाही. तुम्हाला आहे की नाही, एवढंच मला आज बघायचं आहे.

वह्या तपासून झाल्यावर मी खाली ग्रंथालयात गेले. नियतकालिकांच्या मांडणीवर साप्ताहिकं आहेत, मासिकं आहेत, विज्ञानाची, शेतीची, स्पर्धा परीक्षांची. कॉलेज दर वर्षी त्यांची वर्गणी भरतं. कितीतरी अंकांवर टपालातून येतानाची कागदी पट्टी तशीच आहे. पट्टीवर कॉलेजचा पत्ता, वर्गणी कुठल्या महिन्यात संपते तो महिना, आणि पोस्टाचा अर्धवट उमटलेला शिक्का. अंक गुंडाळी होऊन आला आणि गुंडाळीतच राहिला. आता हातानं सरळ केला तरी सोडल्याबरोबर पुन्हा वळतो. एकाच अंकावर वाचकाची खूण सापडली. त्यातली नोकरीची जाहिरात ब्लेडनं कापून नेलेली होती. त्या पानाच्या मागच्या बाजूला एका लेखाचा शेवट होता, तोही गेला. कापणाऱ्याचं मी वेगळं बघणार आहे.

आता मुद्द्याचं ऐका. छापील मासिकाची बाजू घ्यायची तर वासाची आणि सळसळीची गोष्ट काढायची नाही. वास रद्दीलाही येतो. मासिक वाचायचं, कारण त्यात तुम्ही न मागितलेलं असतं, आणि ते तिथं का आहे याची जबाबदारी कुणीतरी नावानिशी घेतलेली असते. एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

न मागितलेलं म्हणजे काय? मासिकाची पानं मोजून बघा. चौसष्ट, ऐंशी, शहाण्णव. ती बहुतेकदा सोळाच्या पटीत का असतात? छापखान्यात मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना मिळून सोळा पानं छापायची, घड्या घालायच्या, कडा कापायच्या, की एक फॉर्मा तयार होतो. वाटलं म्हणून एखादं पान वाढवता येत नाही. ज्याला अंक काढायचा आहे त्याला एक लेख आत घेताना दुसरा बाहेर ठेवावा लागतो. टेबलावर पन्नास गोष्टी आल्या तर त्यातल्या मोजक्याच छापायच्या, आणि त्या का छापल्या हे स्वतःशी तरी ठरवायचं. याला संपादन म्हणतात. तुमच्या हातातल्या पडद्याला शेवटचं पानच नाही, त्यामुळे तिथं कुणाला कशालाच नाही म्हणावं लागत नाही. लाडोबाला फक्त गोड वाढणाऱ्या आजीसारखा तो फोन तुमच्या ताटात आवडतं तेच वाढत राहतो. काल क्रिकेट बघितलंत, आज क्रिकेट. काल एका नटीचं भांडण बघितलंत, आज दुसरीचं. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगी काही लागत नाही.

मासिकात असं होत नाही. तुम्ही कथेसाठी अंक उघडता आणि मधल्या पानावर धरणग्रस्तांवरचा लेख आडवा येतो. किर्लोस्करवाडीचं उदाहरण घ्या. नांगर तयार करणाऱ्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवातीला त्यात बातम्या कारखान्याच्या आणि मालाच्या. पुढे त्याच 'खबर'चं 'किर्लोस्कर' मासिक झालं. कथा, कविता, उद्योग, विज्ञान, रूढींवर टीका, सगळं एका अंकात. शंकरराव स्वतः चित्रकार. १९३० साली त्यांनी 'स्त्री' सुरू केलं, चार वर्षांनी 'मनोहर'. विचार करा, नांगराची माहिती हवी म्हणून अंक घेणाऱ्याच्या घरात काय काय शिरलं असेल! त्यानं ते मागितलं नव्हतं. त्याला फक्त त्याला हवं तेच मिळत राहिलं असतं, तर तो जन्मभर नांगराचाच फाळ बघत बसला असता.

आणि संपादक म्हणजे कोण, तेही ऐका. 'सत्यकथा' हे नाव पाठ्यपुस्तकातल्या लेखक-परिचयात वाचलंय? नसेल. लेखक-परिचय तुम्ही 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडता. मौज प्रकाशनाचं हे मासिक १९३३ ते १९८२ चाललं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. कथा आली की ती नुसती घेतली किंवा परत केली असं नाही. पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत. कथा कुठं सैल पडली, कुठलं पात्र उगाच बोलतंय, शेवट का पटत नाही, हे त्यात असे. लेखक मुकाट्यानं पुन्हा लिहून पाठवत. मी तुमच्या वहीत एक ओळ अधोरेखित केली तर तुम्ही म्हणता, मॅडमना आमचं काही आवडतच नाही.

याच 'सत्यकथे'चा अंक १९६९ साली तरुण लेखकांनी जाहीरपणे जाळला. गोंधळू नका, हे मी कौतुकानंच सांगते आहे. सत्यकथेची निवड त्यांना मान्य नव्हती, आपलं जगणं त्यात येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या पिढीनं स्वतःची अनियतकालिकं काढली. काही सायक्लोस्टाइल केलेली, खिशातले पैसे घालून काढलेली, चार-दोन अंकांत बंद पडलेली. त्यांतूनच मराठी साहित्याला नवे कवी मिळाले. पण एक ध्यानात घ्या. अंक जाळायला आधी तो ओळ न् ओळ वाचलेला असावा लागतो. तुमच्यातल्या कुणाला एखाद्या लेखाचा एवढा संताप आला, तर मी म्हणेन, पोरगं वाचतंय. जाळायला मात्र देणार नाही. अंक कॉलेजच्या मालकीचे आहेत.

आता दुसरी गोष्ट, नावानिशी घेतलेल्या जबाबदारीची. हा अंक मी ग्रंथालयातून वर आणलाय. पहिल्या बाकावरच्यानं उठून याच्या तळाशी बारीक टायपात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचावं. 'हे मासिक मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले. संपादक अमुक.' बस खाली. ही ओळ तुमच्यातल्या कुणीही कधी वाचलेली नाही, पैज लावते. ती शोभेसाठी छापत नाहीत. छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-गाव देण्याचं बंधन १८६७ च्या कायद्यानं घातलं. २०२३ साली संसदेनं त्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा केला. जुन्या मासिकांचे मार्चचे अंक काढून बघा. त्यात 'फॉर्म ४' नावाचं रूक्ष निवेदन सापडेल. मालक कोण, मुद्रक कोण, राष्ट्रीयत्व काय, पत्ता काय, खाली प्रकाशकाची सही. म्हणजे छापलेल्या ओळीबद्दल कुणाला जाब विचारायचा असेल तर कुणाचं दार ठोठावायचं, हे त्या अंकातच लिहिलेलं असतं.

आणि लोकांनी दारं ठोठावली आहेत. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार सोडायला तयार नव्हते, म्हणून नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली वारले तोपर्यंत चालवलं. लैंगिक प्रश्नांवर स्वच्छ शब्दांत लिहिलं म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. तरी पुढचा अंक निघाला, आणि त्यावर संपादकाचं नाव तेच होतं.

आता तुमचा फोन काढा. नको, काढू नका. तसाही तो दप्तरात नसायला हवा होता. त्यातला काल आलेला एखादा निरोप आठवा. अमुक फळानं तमुक आजार बरा होतो, अमुक गावात मुलं पळवणारी टोळी आलीय. कुणी लिहिलंय? माहीत नाही. तुम्ही पुढे का पाठवलंत? 'मॅडम, मी फक्त फॉरवर्ड केलं.' हे उत्तर देताना तुम्हाला काहीच वाटत नाही, कारण ते खोटं ठरलं तर जाब द्यायला तिथं कुणाचंच नाव नसतं. चुका मासिकातही होतात, पण छापलेली चूक पुसता येत नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागते, वाचकाचं खरमरीत पत्रही छापावं लागतं. पडद्यावरचं चुकलं की गुपचूप बदलतात किंवा उडवतात, आणि काल तुम्ही काय वाचलंत याचा पुरावाच उरत नाही.

तिसरं, समजण्याचं. इथं मी माझं मत सांगत नाही, कारण माझ्या मतावर तुम्ही हसता. २०१८ साली संशोधकांनी कागदावरचं वाचन आणि पडद्यावरचं वाचन यांची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसं होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक नीट समजला. वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी ठळक झाला. आणि तुम्ही म्हणता ना की आम्ही मोबाइलवरच वाढलो, आम्हाला सवय आहे? त्या अभ्यासांच्या २००० ते २०१७ या काळात कागदाची आघाडी कमी झाली नाही, उलट वाढली. नुसती गोष्ट वाचताना मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून मी वेड्यासारखी म्हणणार नाही की मोबाइलवर काही वाचूच नका. कथा वाचायची तर खुशाल पडद्यावर वाचा, मी आड येणार नाही. पण पाण्याचा प्रश्न, अर्थसंकल्प, लस कशी काम करते, शेतमालाचा भाव का पडतो, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्यानं कागद घ्यावा, पेन्सिल घ्यावी आणि टेबलाशी बसावं.

आता तुमच्या सबबी. मला त्या पाठ आहेत.

'मॅडम, सगळं मोबाइलवर मिळतं.' मिळतं ना. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. उत्तम काम केलं, मी स्वतः त्यातले अंक बघते. तुमच्यापैकी किती जणांनी बघितले? हात वर करा. एकही नाही. मग मिळतं म्हणून मला काय सांगता? गावाजवळून नदी जाते म्हणून कुणी आपोआप पोहायला शिकत नाही.

'मॅडम, परवडत नाही.' ज्याला खरंच परवडत नाही त्याच्यासाठी कॉलेजचं ग्रंथालय आहे, गावचं वाचनालय आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. सरकार मान्यता देतं, अनुदान देतं, ते वाचनालयाच्या दाराला कुलूप लागावं म्हणून नाही. आणि ज्याला परवडतं त्यानं तीन महिन्यांच्या रिचार्जचे पैसे मोजावेत. तेवढ्यात एखाद्या मासिकाची वर्षाची वर्गणी सहज भरता येते.

'मॅडम, कागदासाठी झाडं तोडतात.' अंक रद्दीत जातो, रद्दीचा पुन्हा कागद होतो. हे वाक्य बोलणाऱ्यानं जुना फोन चालत असताना नव्यासाठी घरात अबोला धरू नये.

'वेळ नाही.' यावर मी बोलणारच नाही. तुमच्या फोनमध्येच रोजच्या वापराचे तास दिसतात, तो आकडा घरी जाऊन आईला दाखवा.

आणि आईचा विषय निघालाच आहे, तर घरीही निरोप द्या. पालकसभेत एक गृहस्थ म्हणाले, आमच्या वेळी 'चांदोबा' होता, विक्रम-वेताळ होता, आता तसं काही राहिलं नाही. वाईट वाटतं खरं. 'चांदोबा' २०१३ च्या सुमारास थांबला. पण थांबण्याआधीच्या वर्षांत तो तुमच्या घरी येत होता का, हे त्यांना विचारा. घरात दुसरं कुठलं नियतकालिक येतं, हेही विचारा. मासिक बंद पडल्यावर हळहळ करणारे शेकडो निघतात, चालू असताना वर्गणी भरणारे बोटावर मोजावे लागतात. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आजही निघतं आहे. हळहळीसाठी ते बंद पडायची वाट बघू नका.

आमच्या शिक्षकखोलीलाही हेच लागू आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. आजही वाचनालयं दिवाळी अंकांची योजना काढतात. थोडे पैसे भरा, एक अंक द्या, दुसरा न्या. सभासद होणारे बरेच असतात. पण अंक घरी नेऊन मुखपृष्ठ, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य एवढंच बघून परत करणारेही त्यात आहेत. आमच्यातलेच काही आहेत. त्यांना मी खोलीत बोलेन, तुमच्यासमोर नाही. तुम्ही हसू नका.

आता काम सांगते. लिहून घ्या.

उद्या मधल्या सुट्टीनंतर सगळे ग्रंथालयात. ग्रंथपालांच्या टेबलावर चिठ्ठ्या असतील. चिठ्ठीवर जो अंक निघेल तोच घ्यायचा. अदलाबदल नाही. क्रिकेटवाल्याला शेतीचा अंक निघाला तर शेतीचा. कवितावालीला विज्ञानाचा निघाला तर विज्ञानाचा. पट्टी नीट कापायची, फाडायची नाही. आधी अनुक्रमणिका वाचायची, मग तळाची बारीक ओळ वाचायची, आणि संपादकाचं नाव वहीत लिहायचं. मग अनुक्रमणिकेतला असा लेख निवडायचा, जो तुम्ही आपणहोऊन कधीच वाचला नसता. तो शेवटपर्यंत वाचायचा. कंटाळा आला तरी वाचायचा. कंटाळ्याला फोन हे औषध नाही. ज्या ओळीला कंटाळा आला तिथं पेन्सिलीनं बारीक टिंब करा, आणि का आला ते शोधा. कधी लेखक कमी पडलेला असतो, बहुतेक वेळा आपण.

आठवड्यानं प्रत्येकानं पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणायचं आणि संपादकांना पत्र लिहायचं. लेख आवडला तर नेमकं काय आवडलं, पटला नाही तर कुठली ओळ आणि का. 'अतिशय सुंदर व मार्गदर्शक अंक' असं लिहिणाऱ्याला पुन्हा लिहावं लागेल. मोबाइलकडून लिहून आणलंत तर मला कळेल. तो फार नम्र लिहितो, आणि तुमच्यात नम्रता आहे असा माझा आजवरचा अनुभव नाही.

पत्राखाली स्वतःचं पूर्ण नाव, वर्ग, कॉलेजचा पत्ता आणि सही. उद्या कुणी विचारलं, हे कुणी लिहिलं, तर उभं राहून 'मी' म्हणता आलं पाहिजे. निनावी पत्राला संपादक केराची टोपली दाखवतात, आणि माझ्या टेबलाखालची टोपली त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

चला, पुढचा तास गणिताचा आहे. फळा पुसा.